वेदना हरपलेले पाऊल

जबलपूरच्या सराफ्यात दहा ग्रॅम या वजनाची ओळख कोणालाही करून द्यावी लागत नाही. सोन्याचा भाव आज देशभर याच वजनावर सांगितला जातो. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा होता. म्हणजे दहा ग्रॅम हे वजन तोळ्याहून थोडे कमीच. वैद्यकशास्त्रातही हेच वजन एका कसोटीसाठी वापरतात, ही गोष्ट मात्र सराफ्यातील फार थोड्यांना ठाऊक असेल. नायलॉनचा एक तंतू पायाच्या तळव्यावर काटकोनात टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात. दहा ग्रॅमचा भार पडला की तो वाकतो. त्याहून अधिक भार तो देऊ शकत नाही. डोळे मिटून बसलेल्या माणसाने त्याच क्षणी ‘लागले’ असे सांगितले, तर त्याच्या तळव्याची राखण अद्याप चालू आहे असे समजावे. तो गप्प राहिला, तर त्या पायाचा राखणदार निघून गेलेला आहे. पायात काटा रुतला, निखारा पडला, चपलेचा खिळा वर आला, तरी त्याची वर्दी यापुढे त्या माणसाला मिळणार नाही.

मधुमेहामुळे मज्जातंतूंना इजा पोहोचली म्हणजे जखमा भरून येण्यावर तिचा कोणता परिणाम होतो, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. तो केवळ वैद्यांच्या कामाचा आहे असे मानण्याचे कारण नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे 10 कोटी 10 लक्ष आहे आणि त्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी सुमारे 13 कोटी 60 लक्ष आहेत. या रोगात पाय कापण्याची पाळी येते तेव्हा दर सहा प्रसंगांपैकी पाच प्रसंगी तिचा आरंभ पायावरील एका लहानशा व्रणापासून झालेला असतो. तो व्रण वेळीच भरून आला असता तर पाय वाचला असता. म्हणून तो का भरला नाही, हा प्रश्न पुष्कळ कुटुंबांच्या दृष्टीने अत्यंत निकडीचा ठरतो. कमावत्या माणसाचा पाय गेला की त्याच्याबरोबर दुकान, कारागिरी आणि मुलांचे शिक्षण ही सर्वच डळमळू लागतात.

या प्रश्नाचे लोकांच्या तोंडी असलेले उत्तर एकच आहे. साखर वाढलेली आहे, मग जखम कशी भरणार? या उत्तरात अर्धे सत्य आहे आणि या अर्ध्या सत्यानेच पुष्कळ हानी केली आहे. जखम भरणारच नाही असे एकदा ठरले की रुग्ण प्रयत्न सोडतो, घरची माणसे दैवाला दोष देतात आणि त्या जखमेवरून चालणे मात्र अखंड चालू राहते. उरलेले अर्धे सत्य या चालण्यातच दडलेले आहे.

मधुमेह आणि बधिर पाय यांचा संबंध आपल्याकडे प्राचीन काळीच लक्षात आला होता. चरकाचार्यांनी प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत हातापायांची बधिरता आणि आग यांचा उल्लेख केला आहे, आणि शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धावतात याचाही केला आहे. सुश्रुताचार्यांनी प्रमेहात उठणाऱ्या पिटिकांचे वर्णन केले आणि व्रणाच्या चिकित्सेसाठी साठ उपक्रम सांगितले. युरोपात मात्र हा संबंध एकोणिसाव्या शतकात स्पष्ट झाला. 1864 साली मार्शाल द काल्व्ही या फ्रेंच वैद्याने मधुमेहामुळे मज्जातंतूंवर परिणाम होतो असे प्रतिपादन केले. 1887 साली डेव्हिस-प्राइस या इंग्रज वैद्याने मधुमेही रुग्णाच्या दोन्ही तळव्यांना पडलेल्या खोल, आरपार जाणाऱ्या व्रणांचे वर्णन करून त्यांचे नाते मज्जातंतूंच्या विकाराशी जोडले. तरीही हा विषय दीर्घकाळ मागेच राहिला. 1921 साली टोरांटो येथे इन्शुलिनचा शोध लागला आणि 1922 च्या जानेवारीत ते प्रथम एका रुग्णाला देण्यात आले. तोपर्यंत अनेक मधुमेह्यांना हळूहळू वाढणारे विकार प्रकट होण्याइतके आयुष्यच लाभत नव्हते. आयुष्य वाढले आणि डोळे, मूत्रपिंडे व पाय यांची दुखणी वैद्यांसमोर येऊन उभी राहिली.

मज्जातंतूची रचना ध्यानात घेतली म्हणजे पुढील सर्व गोष्टींचा उलगडा होतो. पायाच्या अंगठ्याची जाणीव वाहून नेणाऱ्या तंतूची मूळ पेशी पाठीच्या कण्याजवळ असते. तेथून निघालेला एकच धागा मांडी, पोटरी आणि घोटा ओलांडून अंगठ्याच्या टोकापर्यंत पोहोचतो. त्याची लांबी सुमारे एक मीटर असते, आणि जाडी एवढी अल्प की सुवर्णकाराने ओढलेली सर्वांत बारीक तारसुद्धा तिच्यापुढे दोरखंड ठरावी. या संपूर्ण लांबीला लागणारी द्रव्ये कण्याजवळच्या त्या एका पेशीतून धाडावी लागतात. रक्तातील ग्लुकोज वर्षानुवर्षे अधिक राहिले की मज्जातंतूत सॉर्बिटॉलसारखे पदार्थ साठू लागतात, साखरेचे रेणू प्रथिनांना चिकटून त्यांचे स्वरूप बिघडवितात, आणि तंतूंना रक्त पुरविणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्या अरुंद होतात. अशा स्थितीत जो धागा सर्वांत लांब तो सर्वांत आधी कोमेजतो. म्हणून बधिरतेचा आरंभ पायाच्या बोटांपासून होतो. ती मोजा चढवावा तशी वर सरकते, आणि ती पोटरीच्या वर पोहोचण्याच्या सुमारास हातांची बोटे बधिर होऊ लागतात.

या विकाराची पहिली चाहूल कित्येकदा वेदनेच्या रूपाने येते. रात्री अंथरुणावर पडले की तळव्यांची आग होते, मुंग्या चालल्यासारखे वाटते, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. काही महिन्यांनी वा वर्षांनी ही आग कमी होते. रुग्णाला हायसे वाटते आणि औषधाचा गुण आला असे तो मानतो. परंतु आग शमण्याची कारणे दोन असू शकतात. एक तर मज्जातंतू सुधारले असतील, किंवा ते पुरते निकामी झाले असतील. यांतील कोणते कारण खरे हे रुग्णाला स्वतःहून कळत नाही. ते तपासूनच ठरवावे लागते. शिवाय अनेकांना आग, मुंग्या यांपैकी काहीच न होता बधिरता येते. कोणताही त्रास नाही म्हणून पाय निरोगी आहे हे अनुमान मधुमेह्याच्या बाबतीत धोक्याचे आहे.

पायाकडे येणारे मज्जातंतू तीन प्रकारची कामे करतात आणि त्यांच्या बिघाडाने तीन प्रकारची हानी होते. पहिले संवेदी तंतू. ते गेले की स्पर्श, उष्णता आणि वेदना यांची जाणीव जाते. दुसरे स्नायूंना चालना देणारे तंतू. ते क्षीण झाले की पावलातील लहान स्नायू सुकतात, बोटे नखरीसारखी वाकडी होतात आणि बोटांच्या मुळाशी असलेली हाडांची टोके तळव्यात खाली दबतात. जो भार संपूर्ण पावलावर वाटला जावयाचा तो चार-दोन ठिकाणी एकवटतो. तेथे घट्टा पडतो, घट्ट्याखाली रक्त साकळते आणि वरून काहीच दिसत नसताना आत व्रण तयार होतो. तिसरे स्वायत्त तंतू. घाम येणे आणि त्वचेतील रक्तप्रवाहाचे नियमन या क्रिया त्यांच्या स्वाधीन असतात. त्यांच्या अभावी तळवा कोरडा पडतो, टाचेला भेगा पडतात आणि त्या भेगांतून जंतूंना वाट मिळते. त्याच वेळी रोहिणीतील रक्त केशवाहिन्यांत न शिरता आडवाटेने थेट नीलेत जाऊ लागते. असा पाय हाताला ऊबदार लागतो, त्याची नाडीही जोरात लागते, आणि तरीदेखील त्वचेच्या पेशींना पुरेसे पोषण मिळत नाही.

आता या तीन गोष्टी सराफ्यातील नित्याच्या जीवनात कशा उतरतात ते पाहावे. कारागीर सकाळपासून रात्रीपर्यंत मांडी घालून बसतो. त्याच्या घोट्याच्या बाहेरचे हाड तासन् तास जमिनीवर दाबले जाते. निरोगी माणसाला थोड्या वेळाने तेथे कळ लागते आणि तो नकळत बैठक बदलतो. दिवसभरात किती वेळा बदलली हे त्याला सांगताही येणार नाही. ज्याचा पाय बधिर आहे त्याला कळ लागत नाही, त्यामुळे तो बैठक बदलत नाही, आणि दाबाखाली रक्ताविना राहिलेली त्वचा मरू लागते. मांडी घालून बसणाऱ्या समाजात बाहेरच्या घोट्यावर असे व्रण होतात, हे भारतीय वैद्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. शेगडीतून उडालेला निखाऱ्याचा कण किंवा तापलेल्या धातूचा तुकडा पायावर पडला, तर निरोगी कारागीर तो क्षणार्धात झटकतो. बधिर पायाच्या कारागिराला तो जळकट वासावरून कळतो.

दुसरे उदाहरण याच बाजारात विकल्या जाणाऱ्या एका अलंकाराचे आहे. मराठी घरांत त्याला जोडवी म्हणतात, जबलपुरात बिछिया म्हणतात. विवाहाच्या दिवशी घातलेली चांदीची जोडवी अनेक स्त्रिया आयुष्यभर काढत नाहीत. पन्नाशीनंतर मधुमेह जडतो, पायावर सूज येते, बोट जाड होते आणि चांदीचे वेढे कातडीत रुतू लागतात. बोट बधिर असल्यामुळे ते दुखत नाही. पाणी, माती आणि मळ यांना त्या खाचेत आसरा मिळतो. वेढ्याखालची जखम दिसते तेव्हा बऱ्याचदा ती हाडापर्यंत पोहोचलेली असते.

तिसरे उदाहरण नर्मदेचे. ग्वारीघाटाच्या पायऱ्या उतरून स्नानाला जाणारा भाविक पादत्राणे वर काढून ठेवतो. परिक्रमेला निघालेले कित्येक जण, आणि त्यांत महाराष्ट्रातून आलेले पुष्कळ, अनवाणी चालण्याचा नेम धरतात. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापलेल्या दगडावर निरोगी माणूस पाय भराभर उचलतो. बधिर पायाचा माणूस सावकाश, शांतपणे चालतो. पाहणाऱ्याला ती निष्ठा वाटते. संध्याकाळी त्या तळव्यांवर फोड आलेले असतात.

जखम कशी होते हे येथवर पाहिले. ती भरत का नाही, हा याच्या पुढचा प्रश्न आहे. जखम भरण्याचे काम शरीर ठराविक क्रमाने करते. प्रथम रक्त गोठून वाहणे थांबते. मग त्या जागी दाहयुक्त सूज येते. रक्तातून पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मृत ऊतक यांचा फडशा पाडतात. त्यानंतर नव्या केशवाहिन्या व नवे ऊतक तयार होतात, कडेच्या त्वचापेशी आत सरकून वरचे आवरण पूर्ण करतात, आणि अखेरीस नव्या ऊतकाला हळूहळू बळकटी येते. मधुमेह्याची जखम बहुधा दुसऱ्याच टप्प्यावर अडकते. साफसफाई करणाऱ्या पेशींनी एका वेळेनंतर आपले काम बदलून बांधणीला साहाय्य करावयाचे असते. अधिक साखरेच्या वातावरणात हा पालट नीट होत नाही. जुने मोडण्याचे काम चालूच राहते आणि नवे ऊतकही त्यात मोडले जाते.

या क्रमात मज्जातंतूंचा प्रत्यक्ष हातभार असतो, हे ज्ञान तुलनेने अलीकडचे आहे. त्वचेवर ओरखडा काढला की त्याच्या भोवती थोड्या वेळात लाली पसरते. ही लाली मज्जातंतूंच्या टोकांमुळे पसरते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ टॉमस ल्युईस यांनी 1927 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. वेदनेची वार्ता मेंदूकडे नेणारे बारीक तंतू त्याच वेळी आपल्या टोकांतून काही रासायनिक द्रव्ये जखमेत सोडतात. त्या द्रव्यांमुळे जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्षक पेशींना पाचारण होते आणि नव्या केशवाहिन्यांच्या निर्मितीला उत्तेजन मिळते. उलट दिशेने त्वचेच्या पेशीही मज्जातंतूंना जगविणारे द्रव्य तयार करतात. मज्जातंतूंच्या वाढीला कारणीभूत होणाऱ्या या घटकाच्या शोधाबद्दल रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना स्टॅन्ली कोहेन यांच्या जोडीने 1986 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. याचा अर्थ असा की त्वचा आणि मज्जातंतू परस्परांच्या आधाराने जगतात. तंतू सुकले की जखमेला तिची वर्दी देणारा आणि मदत बोलावणारा असे दोन्ही सेवक एकदमच नाहीसे होतात.

इतके असूनही बधिर पायाची जखम भरू शकते का? या प्रश्नाचे उत्तर भारतातच मिळाले. आणि ते मधुमेहाच्या नव्हे, कुष्ठरोगाच्या रुग्णालयात मिळाले. दत्तपूर, तपोवन आणि आनंदवन या नावांमुळे कुष्ठरोग्यांच्या सेवेची परंपरा मराठी श्रोत्यांच्या परिचयाची आहे. कुष्ठरोगाचे जंतूही मज्जातंतू नष्ट करतात. कुष्ठरोग्याची बोटे झडतात ती रोगाने मांसच नासल्यामुळे, असे पूर्वी सर्वत्र समजत आणि त्याच्या जखमा भरणे अशक्य मानीत. पॉल ब्रँड हे शल्यविशारद 1914 साली तमिळ प्रदेशातील कोल्ली टेकड्यांत जन्मले. मिशनरी आईबापांचा हा मुलगा इंग्लंडमध्ये शिकून 1946 साली वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल झाला. हजारो हातपाय तपासल्यावर त्यांनी असा निष्कर्ष काढला की या रुग्णांचे मांस इतरांच्या मांसासारखेच आहे. ते झिजते ते नकळत होणाऱ्या दुखापतींनी. स्वयंपाकाचे गरम भांडे, गंजलेल्या कुलपाची किल्ली, पायात मोडून राहिलेला काटा, या त्या दुखापती होत्या. रात्रीतून बोटांचे तुकडे नाहीसे होत, त्याचा छडा लावला तेव्हा झोपेत उंदीर ती कुरतडतात असे आढळले. मग रुग्णांना घरी जाताना मांजर देण्याची प्रथा पडली.

ब्रँड यांच्या निरीक्षणातील सर्वांत महत्त्वाचा भाग तळव्यावरील व्रणांविषयी होता. ज्याला वेदना होते तो माणूस पायाला जखम झाली की लंगडतो. लंगडणे हा शरीराने आपोआप केलेला उपचार आहे; त्यामुळे जखमेवरचा भार उतरतो. वेदना हरपलेला माणूस लंगडत नाही. प्रत्येक पावलागणिक तो आपल्या जखमेवर सारे वजन टाकतो, आणि दिवसभरात जे थोडे नवे ऊतक तयार झालेले असते ते चिरडून टाकतो. म्हणजे लंगडण्याचे काम वेदना करीत नसेल तर ते वैद्याने करावयास हवे. त्यासाठी पावलाला आणि पोटरीला सर्व बाजूंनी नेमके चिकटून बसणारे प्लास्टर घालीत. त्यामुळे भार एका बिंदूवर न पडता संपूर्ण तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. अशा प्लास्टरचा प्रयोग कुष्ठरोग्यांच्या व्रणांसाठी भारतात 1930 नंतरच्या दशकातच सुरू झाला होता. ब्रँड यांनी त्याला शास्त्रीय पाया दिला आणि 1966 साली ते अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले तेव्हा ही विद्या आपल्याबरोबर नेली. तेथे मधुमेह्यांचे बधिर पाय पाहिल्यावर हा तोच प्रश्न आहे हे स्पष्ट झाले. आरंभी सांगितलेल्या नायलॉनच्या तंतूची दहा ग्रॅमची सीमा याच कारव्हिलमध्ये तपासून ठरविली गेली. ते निष्कर्ष 1986 साली प्रसिद्ध झाले.

पुढील संशोधनाने या पद्धतीला भक्कम आधार दिला. अमेरिकेत 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात असे प्लास्टर घातलेल्या मधुमेही रुग्णांपैकी सुमारे 90 टक्क्यांचे व्रण 12 आठवड्यांत भरले. काढता-घालता येणारे साधन वापरणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 65 टक्के होते. या फरकाचे कारण 2003 साली उघड झाले. काढता येणारे साधन ज्यांना दिले होते त्यांच्या पावलांची मोजणी केली असता दिवसातील केवळ 28 टक्के पावले त्या साधनासह टाकली गेल्याचे दिसले. दोष रुग्णांच्या हट्टीपणाचा होता असे म्हणता येत नाही. जे दुखतच नाही त्याची काळजी चोवीस तास घेणे मनुष्यस्वभावाला अवघड आहे. पाणी पिण्यास उठताना, देवघरापर्यंत जाताना, दाराशी आलेल्या माणसाशी बोलताना आधाराशिवाय चार पावले टाकली जातात, आणि जखमेचा हिशेब या चार-चार पावलांनीच होतो.

एवढ्यावरून प्लास्टर हा सर्व जखमांवरील उपाय आहे असे मात्र समजू नये. पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या असतील तर आधी रक्तपुरवठा सुधारावा लागतो. जखमेत खोलवर पू असेल, हाडाला संसर्ग झाला असेल तर शस्त्रक्रिया आणि जंतुनाशक औषधे प्रथम येतात. मृत ऊतक आणि घट्टे वेळोवेळी खरवडून काढावे लागतात. रक्तशर्करेचे नियमन तर सर्वांच्या मुळाशी आहे. अमेरिकेत 1993 साली पूर्ण झालेल्या एका दीर्घ अभ्यासात इन्शुलिनवर अवलंबून असलेल्या रुग्णांची साखर कसोशीने आटोक्यात ठेवली असता मज्जातंतूंचा विकार सुमारे 60 टक्क्यांनी कमी झाला. परंतु सर्व उपचार केले आणि भार तेवढा उतरविला नाही, तर तळव्यावरची जखम भरत नाही. महागडी मलमे लावून त्याच पायाने बाजारभर हिंडणारा रुग्ण एका हाताने बांधतो आणि दुसऱ्या हाताने पाडतो.

या ज्ञानाचा प्रसार करण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न जबलपूरच्या शेजारी झाला. नागपूर आणि जबलपूर ही शहरे 1956 पर्यंत एकाच राज्यात होती आणि सराफ्यातील अनेक मराठी घरांचे नातेसंबंध आजही नागपूरशी आहेत. नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनी टांझानियातील डॉ. अब्बास आणि नेदरलँड्समधील डॉ. बाकर यांच्या सहकार्याने ‘स्टेप बाय स्टेप’ नावाचा उपक्रम उभारला. चालू शतकाच्या पहिल्या दशकात भारतातील लहानमोठ्या गावांतील डॉक्टर व परिचारिका यांच्या जोड्यांना पाय तपासण्याचे, घट्टे काढण्याचे आणि भार उतरविण्याचे शिक्षण या उपक्रमात देण्यात आले. डॉक्टरबरोबर परिचारिकाही शिकली पाहिजे, हा त्यातील महत्त्वाचा आग्रह होता. कारण पाय वाचविण्याचे नित्याचे काम तिच्याच हातून व्हावयाचे असते. या कामाला मोठी यंत्रे लागत नाहीत. बसून, पायमोजे काढावयास लावून, प्रत्येक पाऊल हातात घेऊन पाहणारा माणूस लागतो.

घरच्या माणसांनाही पुष्कळ करता येते. इंग्लंडमधील इप्सविच येथे 2011 च्या सुमारास एक सोपी चाचणी रूढ झाली. रुग्णाने डोळे मिटावे. दुसऱ्याने आपल्या तर्जनीचे टोक त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला एक-दोन सेकंद हलकेच लावावे. टोचू नये, चोळू नये. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर त्या पायाची राखण गेली असे मानून डॉक्टरांकडे जावे. ज्याची राखण गेली त्याने ती आता डोळ्यांकडे सोपवावयाची असते. रोज रात्री दोन्ही तळवे उजेडात पाहावे. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा, नजर अधू असेल तर मुलानातवंडांना पाहावयास सांगावे. पाय कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या. पाण्याची उष्णता पायाने न अजमावता कोपराने अजमावावी. टाचेच्या भेगांना तेल किंवा मलम लावावे, बेचक्यांत लावू नये. पादत्राणे घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावे. घरातही अनवाणी चालू नये. देवघरासाठी आणि मंदिरासाठी स्वच्छ कापडी वा रबरी वेगळी पादत्राणे ठेवली तर श्रद्धेला बाध येत नाही. घट्टा ब्लेडने स्वतः कापू नये. पाऊल एकाएकी लाल, गरम आणि सुजलेले दिसले, मग ते दुखत नसले तरी, चालणे त्वरित थांबवून रुग्णालय गाठावे. कारण अशा पावलातील हाडे आतल्या आत मोडत असण्याचा संभव असतो.

यांतील एक काम सराफ्याच्या विशेष अधिकारातील आहे. घट्ट झालेली जोडवी कापून काढण्याचे कौशल्य सुवर्णकाराच्या बोटांत असते. मधुमेह झालेल्या आपल्या गिऱ्हाइकाला ती सैल करून देण्यास किंवा काढून साखळीत ओवून देण्यास त्याने आपणहून सुचवावे. ज्याच्याकडून दागिना घेतला त्याचा शब्द स्त्रिया बहुधा मानतात. डॉक्टराने सांगितलेली हीच गोष्ट कदाचित अशुभ वाटून टाळली जाईल. तसेच मांडी घालून काम करणाऱ्या कारागिराच्या घोट्याखाली जाड गादी आणि दर अर्ध्या तासाने उठण्याचा दंडक, एवढ्या अल्प खर्चात एखाद्याचा पाय वाचू शकतो.

व्रण भरला म्हणजे रोग गेला असे होत नाही. भरलेल्या व्रणांपैकी सुमारे 40 टक्के व्रण वर्षभरात पुन्हा होतात, कारण त्वचा जुळली तरी मज्जातंतू परत आलेले नसतात. तो पाय पूर्वीइतकाच मुका असतो आणि त्यावरून चालावयाचेही तितकेच असते. म्हणून मधुमेह्याच्या जखमेविषयी निराशा जितकी चुकीची तितकीच बेफिकिरीही चुकीची आहे. जखम भरते, भार उतरविला, रक्त पोहोचले, जंतू आवरले आणि साखर आटोक्यात राहिली तर बहुतेक वेळा भरते. त्यानंतर त्या पायाच्या वतीने बोलण्याची जबाबदारी त्याच्या मालकाची, घरच्यांची आणि वर्षातून निदान एकदा तो हातात घेऊन पाहणाऱ्या वैद्याची असते.